सुपरहिरोचा रंग कोण ठरवतं?

१९६३ साली मार्व्हलनं ‘सार्जंट फ्युरी अँड हिज हाउलिंग कमांडोज’ हे युद्धकथांचं कॉमिक बाजारात आणलं. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. दुसऱ्या महायुद्धात लढणाऱ्या या तुकडीत इटालियन, ज्यू, आयरिश अशा नाना मुळांचे अमेरिकन सैनिक होते आणि गेब जोन्स नावाचा एक कृष्णवर्णीय सैनिकही होता. प्रत्यक्षात त्या युद्धात अमेरिकी सैन्यातल्या काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. ही विभागणी मोडण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश १९४८चा. ली आणि कर्बी यांनी निदान कागदावर तरी सगळ्यांना एकत्र आणलं होतं. पण पहिला अंक छापून आला, तेव्हा गेब गोरा झालेला होता. रंगांचं काम करणाऱ्या मंडळींना वाटलं, सूचनेतच काहीतरी गडबड आहे, म्हणून त्यांनी ती आपणहून ‘दुरुस्त’ केली, असं ली पुढे सांगत. पुढच्या अंकांसाठी त्यांना मुद्दाम कळवावं लागलं, की हा माणूस काळाच आहे.

त्याच अंकात जन्मलेला निक फ्युरी मात्र गोरा होता आणि त्याच्या रंगाबद्दल कुणाला शंका आली नाही. पंचेचाळीस वर्षांनी, २००८ साली, ‘आयर्न मॅन’ चित्रपटाची श्रेयनामावली संपल्यावर तो डोळ्यावर पट्टी बांधून पडद्यावर आला, तेव्हा ती भूमिका सॅम्युएल एल. जॅक्सन करत होते. आज जगभरातल्या कोट्यवधी प्रेक्षकांच्या लेखी निक फ्युरी म्हणजे जॅक्सनच.

सुपरहिरो चित्रपटांच्या पात्रनिवडीवरून वाद पेटला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मूळ कॉमिकशी इमान राखा.’ मागणी रास्त वाटते. लहानपणापासून मनात बसलेला चेहरा कुणी बदलला, तर वाचकाला खटकणारच. पण गेब जोन्सचं मूळ कोणतं मानायचं? लेखकानं लिहिलेलं, की छापखान्यानं रंगवलेलं? कॉमिकच्या पानावरचा रंग ठरवण्यात प्रकाशक, छापखाना, विक्रेते आणि नियामक अशा अनेकांचा हात असे. त्यामुळे रंग बदलला की राखला, एवढ्यानं काहीच कळत नाही. त्या निर्णयानं गोष्टीचं काय झालं, हे पाहावं लागतं.

गोऱ्यांची गर्दी कुठून आली

सुपरमॅन १९३८ सालचा, बॅटमॅन १९३९चा, कॅप्टन अमेरिका १९४१चा, स्पायडरमॅन १९६२चा. चित्रपटाला आधीपासून ठाऊक असलेली नावं हवी असतात आणि ही सगळी नावं त्या काळातली आहेत. गंमत अशी, की ती घडवणारे बरेच जण स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते. स्टॅन ली यांचं जन्मनाव स्टॅनली लीबर आणि जॅक कर्बी यांचं जेकब कर्ट्झबर्ग. अमेरिकन समाजात मिसळू पाहणाऱ्या या मुलांनी नायकांना क्लार्क केंट आणि स्टीव्ह रॉजर्स अशी नावं दिली, ज्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

नियामकांचं दडपण त्यात भर घालत होतं. १९५४ साली अमेरिकेत ‘कॉमिक्स कोड’ लागू झाला. नाव स्वयंनियमनाचं; पण त्याचा शिक्का नसलेलं कॉमिक बहुतेक विक्रेते ठेवतच नसत. १९५६ साली ईसी कॉमिक्सनं ‘जजमेंट डे’ ही आपली जुनी कथा पुन्हा छापायला घेतली. एका ग्रहावर यंत्रमानव राहतात. नारिंगी यंत्रमानव निळ्यांना हीन लेखतात. आतली यंत्रणा मात्र दोघांचीही सारखीच. पृथ्वीवरून आलेला निरीक्षक हे पाहतो आणि ठरवतो, की हा ग्रह अजून आकाशगंगेच्या संघात यायच्या लायकीचा नाही. परतीच्या वाटेवर, शेवटच्या चौकटीत, तो शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचं वाचकाला दिसतं. कोडचे प्रशासक न्यायाधीश चार्ल्स मर्फी यांनी हा अंतराळवीर काळा नको, असा आग्रह धरला. रंग बदलला असता, तर कथेत काही उरलंच नसतं. प्रकाशक विल्यम गेन्स हटले नाहीत आणि कथा जशीच्या तशी छापली गेली. ईसीनं काढलेलं ते शेवटचं कॉमिक. त्यानंतर त्यांनी आपलं लक्ष ‘मॅड’ या विनोदी मासिकाकडे वळवलं.

अशा हवेत काळे नायक जन्मायला उशीर झाला, यात नवल नाही. ब्लॅक पँथर १९६६ साली आला, फाल्कन १९६९ साली, ल्यूक केज १९७२ साली आणि ब्लेड १९७३ साली. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांनी चित्रपटवाले नायक निवडायला बसले, तेव्हा नावाजलेल्या पात्रांच्या यादीत गोऱ्यांचीच गर्दी होती. त्या यादीशी इमान राखायचं, तर त्या काळानं घातलेली बंधनंही आपोआप पाळावी लागतात.

दोन दिशांचे बदल

बदलाची सुरुवात मात्र बरीच जुनी आहे. १९६७ साली ‘बॅटमॅन’ या दूरदर्शन मालिकेत कॅटवुमनची भूमिका अर्था किट या कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्रीकडे गेली. त्याआधी ज्युली न्यूमार यांच्या कॅटवुमनचं बॅटमॅनशी लाडिक सूत जुळलेलं असे. किट यांच्या वेळी ते जवळपास नाहीसं झालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आंतरवंशीय विवाहांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. न्यायालयात जे मान्य झालं, ते दिवाणखान्यातल्या पडद्यावर यायला वेळ होता. पुढे १९८९च्या ‘बॅटमॅन’मध्ये कृष्णवर्णीय अभिनेते बिली डी विल्यम्स हार्वी डेंट झाले. कॉमिकमध्ये हाच डेंट पुढे ‘टू-फेस’ हा खलनायक होतो. पण ती वेळ आली, तेव्हा १९९५च्या चित्रपटात गोरे टॉमी ली जोन्स दिसले. २००३च्या ‘डेअरडेव्हिल’मध्ये किंगपिन या खलनायकाची भूमिका कृष्णवर्णीय मायकेल क्लार्क डंकन यांनी केली. किंगपिनचा दरारा त्याच्या देहात आणि सत्तेत आहे. रंग बदलल्यानं त्यातलं काही कमी झालं नाही.

निक फ्युरीचा प्रवास याहून मजेशीर आहे. २००२ साली ‘द अल्टिमेट्स’ या नव्या कॉमिकमध्ये लेखक मार्क मिलर आणि चित्रकार ब्रायन हिच यांनी फ्युरीला थेट जॅक्सन यांचा चेहरा दिला. जॅक्सन स्वतः कॉमिकवेडे. त्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी मार्व्हलकडे विचारणा केली आणि पुढे चित्रपट निघेल तेव्हा भूमिका त्यांचीच, असं ठरलं. चित्रपट गाजल्यावर मुख्य कॉमिकलाही वळावं लागलं. २०१२ साली जुन्या गोऱ्या फ्युरीला एक कृष्णवर्णीय मुलगा असल्याचं दाखवून त्याचंही नाव निक फ्युरीच ठेवण्यात आलं. मूळ आणि रूपांतर यांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते, हे याहून स्वच्छ कुठे दिसायचं नाही.

२०११च्या ‘थॉर’मध्ये हाइमडाल या नॉर्स देवाच्या भूमिकेसाठी इड्रिस एल्बा यांची निवड झाली, तेव्हा अमेरिकेतल्या एका गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेनं बहिष्काराची हाक दिली. या आक्षेपात एक खरा मुद्दा दडलेला आहे: जुन्या नॉर्स साहित्यात हाइमडालचं वर्णन देवांमधला सर्वांत गोरा किंवा तेजस्वी असंच येतं. पण त्याच साहित्यातला थॉर तांबड्या दाढीचा आहे. मार्व्हलनं १९६२ सालीच त्याला सोनेरी केसांचा, गुळगुळीत चेहऱ्याचा करून टाकला आणि त्यावर कुणी बहिष्कार घातल्याचं ऐकिवात नाही. पुराणाशी इमान हवं होतं, तर ते दाढीपासून हवं होतं.

दुसऱ्या दिशेचा बदल, म्हणजे गोरेतर पात्र गोऱ्या नटाला देणं, हॉलिवूडच्या अंगवळणी पडलेला होता. त्याला ‘व्हाइटवॉशिंग’ म्हणतात. १९३७च्या ‘द गुड अर्थ’ या चिनी शेतकरी कुटुंबाच्या चित्रपटात मुख्य भूमिका पॉल म्युनी आणि लुईस रायनर या गोऱ्या कलाकारांनी केल्या. रायनर यांना ऑस्करही मिळालं. अॅना मे वाँग ही चिनी वंशाची तारका तेव्हा हॉलिवूडमध्येच होती. ती भूमिका तिला हवीही होती.

दोन्ही दिशांना एकच न्याय लावावा, असं म्हणणारे असतात. कागदावर ते समान दिसतं. पण शंभर गोऱ्या भूमिकांतली एक काळ्या नटाला गेली, तर गोऱ्या नटाला नव्व्याण्णव उरतात. आशियाई नटाच्या वाट्याच्या दोन-तीन भूमिकांतली एक गेली, तर त्याचं वर्ष जातं. हा फरक ओळखणारेही आहेत. २०१७ साली ‘हेलबॉय’मधल्या बेन डायमियोच्या भूमिकेसाठी ब्रिटिश अभिनेता एड स्क्रेन यांची निवड जाहीर झाली. कॉमिकमधलं हे पात्र जपानी-अमेरिकन असल्याची टीका झाल्यावर ते स्वतःहून बाजूला झाले आणि भूमिका कोरियन-अमेरिकन डॅनियल डे किम यांना मिळाली.

साचा मोडायचा कसा

दिशा कळली म्हणून सगळं सुटत नाही. ‘डॉक्टर स्ट्रेंज’ (२०१६) हे त्याचं उत्तम उदाहरण. १९६३च्या कॉमिकमध्ये गर्विष्ठ गोरा शल्यविशारद हिमालयात जातो आणि एक वृद्ध तिबेटी गुरू, ‘एन्शंट वन’, त्याला विद्या देतो. पूर्वेकडचा गूढ म्हातारा आणि त्याचं सगळं ज्ञान पचवून त्याच्याहून मोठा होणारा गोरा शिष्य, हा साचाच मुळात शिळा. दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन यांना तो नको होता. त्यांनी गुरूला स्त्री केलं. पण आशियाई स्त्री घेतली, तर कारस्थानी पौर्वात्य स्त्रीचा दुसरा साचा समोर येतो, अशी भीती त्यांना वाटली. शेवटी भूमिका स्कॉटलंडशी नातं सांगणाऱ्या टिल्डा स्विंटन यांच्याकडे गेली, पात्र केल्टिक झालं आणि मठ तिबेटऐवजी काठमांडूत गेला. सहलेखक रॉबर्ट कारगिल यांनी तर एका मुलाखतीत बोलून दाखवलं, की तिबेटी पात्र ठेवलं असतं, तर चीनमधला मोठा प्रेक्षकवर्ग दुखावण्याचा धोका होता. साचा टाळण्याच्या नादात आशियाई माणूसच कथेतून गेला.

याच चित्रपटात दुसरा रस्ताही दिसतो. कॉमिकमधला वाँग हा स्ट्रेंजचा आज्ञाधारक नोकर. चित्रपटात बेनेडिक्ट वाँग यांनी रंगवलेला वाँग ग्रंथालयाचा कडक रखवालदार आहे, स्ट्रेंजला शिस्त लावणारा. वंश तोच राहिला. लेखन बदललं आणि साचा मोडला. गुरूच्या बाबतीतही हे जमलं असतं. मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी २०२१ साली मान्य केलं, की साचा किंवा गोरी अभिनेत्री एवढे दोनच पर्याय आहेत, असं समजण्यात आपण चुकलो.

त्याच वर्षी आलेल्या ‘शांग-ची’नं हा धडा गिरवला. शांग-चीचं कॉमिक १९७३चं आणि त्यात त्याचा बाप कोण, तर फू मांचू. इंग्रज लेखक सॅक्स रोमर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रचलेला हा चिनी खलनायक म्हणजे आशियाई लोकांबद्दलच्या पाश्चात्त्य भीतीचं, ‘पिवळ्या संकटा’चं, मूर्त रूप. चित्रपटानं त्याला वगळलं आणि त्याच्या जागी वेनवू आणला: पत्नीच्या मृत्यूनं आतून कोसळलेला, सत्तेचा हव्यास न सुटलेला बाप. टोनी लेउंग यांच्या अभिनयामुळे तो खलनायक असूनही प्रेक्षकाला त्याची कणव येते.

भार पेलणारी भिंत

घरात फेरफार करायचा, तर गवंडी आधी पाहतो, ही भिंत भार पेलते की नुसता आडोसा आहे. पात्राच्या वंशाबद्दलही तेच विचारावं. किंगपिन किंवा हाइमडाल यांच्या गोरेपणावर कथेचा कसलाच भार नाही. ‘एक्स-मेन’मधल्या मॅग्नेटोचं तसं नाही. नाझी छळछावणीतून वाचलेला ज्यू हे त्याचं मूळ काढलं, तर मानवजातीवरचा त्याचा अविश्वास पोकळ ठरतो. ब्लॅक पँथरचा देश वकांडा कधीच कुणाची वसाहत झालेला नाही, या एका कल्पनेवर त्याचं सगळं जग उभं आहे.

भार पेलणारी भिंत हलवता येते, पण मग आराखडा नव्यानं करावा लागतो. २०१५च्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये तो केला गेला नाही. जॉनी स्टॉर्म हा मायकेल बी. जॉर्डन आणि त्याची बहीण सू ही केट मारा. काळा भाऊ, गोरी बहीण. तर सू कोसोव्होतून दत्तक आणलेली असल्याचं सांगून चित्रपट पुढे सरकला. अशा घरात वाढण्याचे पैलू किती रंजक झाले असते! ते कुणी लिहिलेच नाहीत. चित्रपट आपटला, त्याची कारणं विस्कळीत पटकथा आणि निर्मितीतली ओढाताण ही होती. पण रोष आधीपासून जॉर्डन यांच्या रंगावर होता. तीन वर्षांनी त्याच जॉर्डन यांनी ‘ब्लॅक पँथर’मध्ये किलमाँगर साकारला. अमेरिकेत अनाथ वाढलेला हा वकांडावंशी तरुण राजाला विचारतो, की जगभरातली काळी माणसं भरडली जात असताना तुमचा समर्थ देश लपून का बसला होता? नट तोच, रंग तोच, फरक लेखणीचा. या चित्रपटानं १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळवणारा तो पहिला सुपरहिरो चित्रपट ठरला आणि तीन ऑस्कर घेऊन गेला.

कॅप्टन अमेरिकाच्या बाबतीत आराखडा खरोखर नव्यानं झाला. २००३ साली रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी ‘ट्रुथ’ या कॉमिकमध्ये विचारलं: स्टीव्ह रॉजर्सला शक्तिमान करणारं ते रसायन आणखी कुणावर वापरून पाहिलं असेल? उत्तर होतं, काळ्या सैनिकांवर. अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरच्या उपचारांपासून वंचित ठेवून सरकारी यंत्रणेनं त्यांचं निरीक्षण केलं होतं. कॉमिकला त्या इतिहासाचा आधार होता. त्यातून वाचलेला आयझाया ब्रॅडली २०२१च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ मालिकेत भेटतो. देशासाठी लढूनही त्यानं तीस वर्षं कोठडीत काढली आहेत. स्टीव्हची ढाल वारशात मिळालेला फाल्कन, म्हणजे सॅम विल्सन, त्याला भेटायला जातो, तेव्हा स्वाभिमानी काळ्या माणसानं ही ढाल हाती धरू नये, असं तो म्हातारा सुनावतो. सॅम शेवटी ती धरतो, पण ते ऐकून. इथं रंग बदलणं हेच कथानक झालं आणि स्टीव्ह रॉजर्स आपल्या जागी अबाधित राहिला.

माइल्स मोरालेसही असाच. २०१० साली डोनाल्ड ग्लोव्हर या कृष्णवर्णीय अभिनेत्याला स्पायडरमॅन करावं, अशी मोहीम चाहत्यांनी चालवली. भूमिका त्याला मिळाली नाही. पण लेखक ब्रायन मायकेल बेंडिस यांच्या डोक्यात ते चित्र बसलं आणि २०११ साली त्यांनी चित्रकार सारा पिकेली यांच्यासह माइल्सला जन्म दिला: काळे वडील, पोर्टो रिकोची आई, ब्रुकलिनचा शाळकरी मुलगा. त्याच्यावरचा ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेला.

मुंबईचा स्पायडरमॅन

त्याच मालिकेच्या पुढच्या भागात, २०२३ साली, पवित्र प्रभाकर आला. मूळ कॉमिक २००४चं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी घडवलेलं. त्यातला पवित्र गावाकडून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसून इमारतींवरून झेपावणारा मुलगा होता. पीटर पार्करचीच कथा मुंबईत आणून ठेवलेली. नावांना तेवढा देशी मुलामा. चित्रपटातल्या पवित्रला स्वतःची बोली आहे: मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र गुंफलेल्या ‘मुंबॅटन’मध्ये तो पाहुण्यांना ‘चाय टी’ म्हटल्याबद्दल फैलावर घेतो. हा चित्रपट भारतात मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला.

आपण या वादाकडे परदेशातलं भांडण म्हणून पाहू नये, याचं कारणही घरातच आहे. २०१९च्या ‘बाला’मध्ये सावळ्या मुलीची भूमिका उजळ वर्णाच्या भूमी पेडणेकर यांना रंग काळवंडवून देण्यात आली. त्यातला एक विषय होता सावळ्या वर्णाची हेटाळणी. आणि तो विषय मांडणाऱ्या चित्रपटातही सावळ्या अभिनेत्रीला जागा नव्हती. हॉलिवूडनं चीनच्या शेतकऱ्यांबाबत जे १९३७ साली केलं, त्याहून हे फार वेगळं नाही.

पुढच्या वेळी एखाद्या नायकाचा रंग बदलल्याची बातमी येईल, तेव्हा बाजू घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. त्या पात्राच्या वंशावर कथेचा भार होता का? या बदलानं कुणाच्या वाट्याची भूमिका गेली आणि त्याच्याकडे आधी किती होत्या? आणि नव्या माणसासाठी काही नवं लिहिलं आहे का, की जुनेच संवाद त्याच्या तोंडी दिले आहेत? पहिल्या दोन प्रश्नांवर मतभेद राहतील. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती निवड कितीही पुरोगामी म्हणून मिरवली, तरी तिचं श्रेय जाहिरात विभागालाच द्यावं.